गुरुजी शुगरनं गेले नाहीत

मोखाड्याहून आलेल्या जीपच्या ड्रायव्हरनं माझ्या जव्हारच्या ऑफिसात निरोप आणला, "गुरुजी गेलं. शुगरनं गेलं." त्याला महिना होऊन गेला, पण भेटायला येणारा प्रत्येक माणूस अजून हेच म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. माझा थोरला भाऊ शुगरनं गेला नाही. त्याला यकृताचा कॅन्सर झाला होता.

दादा सूर्यमाळजवळच्या शाळेत शिकवायचा. मला शिकायला जव्हारला ठेवलं तेही त्यानंच. नव्वदच्या सुमारास त्याला कावीळ झाली. आमच्याकडे कावीळ दवाखान्यात नेत नाहीत, ती 'उतरवतात'. भगतानं चुन्याच्या पाण्यात त्याचे हात चोळले, पाणी पिवळं झालं, आईनं ते लांब नेऊन ओतलं. "उतरली कावील," भगत म्हणाला. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, दादा शाळेत परतला. रक्त तपासावं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

काही वर्षांनी मधुमेह निघाला. मग काय... भात सुटला, नाचणीची भाकरी आली, रोज पहाटे डोंगर चढणं आलं. जव्हारचे डॉक्टर दर खेपेला शुगर बघून शाबासकी द्यायचे. पूर्वी कावीळ झाली होती का, असं त्यांनी एकदाच विचारलं. "झाली होती, पण उतरवली," दादा म्हणाला, आणि डॉक्टरांनी चक्क मान डोलावली. एवढे शिकलेले! पुढे दादाचं वजन घटू लागलं, तेव्हा मधुमेहाला नमवणारे गुरुजी म्हणून शिक्षकांच्या सभेत त्याला शाल-नारळ दिला. सदऱ्याखाली पोट फुगत चाललं होतं, ते टाळ्या वाजवणाऱ्या एकालाही दिसलं नाही.

शेवटी नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं, "कावीळ गेली, विषाणू रक्तात राहिला. त्यात मधुमेह आला की यकृताच्या कॅन्सरचा धोका आणखी वाढतो. तपासण्या होत राहिल्या असत्या, तर लवकर कळलं असतं." दादा बाहेर येऊन बाकावर बसला. "मी तं गोड खाल्लंच नाय रे..." एवढंच म्हणाला.

घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा, हा विषाणू त्यांच्यातही असू शकतो, असं बाईंनी बजावलं होतं. त्यासाठीच परवा जीप घेऊन वहिनीकडे गेलो. तिनं चहा पुढे केला. दादाच्या पथ्यापायी त्या घरात सगळ्यांचाच चहा बिनसाखरेचा व्हायचा, तो अजून तसाच होतो. "जीप परत धाडा भावजी," वहिनी म्हणाली. "ते गेल्यापासून घरात साखरच आणत नाय. आमाला काय व्हायचंय?"

दादाच्या पोरांनी माझ्यासमोर तो कडू चहा निमूट पिऊन टाकला.