तहरीर

पप्पा वसईहून इकडे आखातात आले की माझ्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये नुसते टीव्हीसमोर बसतात. म्हणून एका शनिवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच रास अल खैमाच्या डोंगरात चालायला नेलं. वाटाड्या तिथल्याच गावचा. जुन्या लढाईत शत्रूने बळकावलेलं गाव त्याच्या पूर्वजांनी ज्या वाटेने जाऊन सोडवलं, तीच वाट तो दाखवत होता. चढावर थांबून तो हिंदीत म्हणाला, "यल्ला अंकल, यहाँ से तहरीर का रास्ता."

पप्पा जागीच थांबले. "मी काही लिहून देणार नाही," ते मला म्हणाले.

उन्हाने माझं डोकं आधीच तापलं होतं. "पप्पा, अरबीत तहरीर म्हणजे मुक्ती. तुमच्याकडून कोण काय लिहून घेतंय?"

ते दगडावर बसले.

कुवेतवर इराकी सैन्य आलं तेव्हा पप्पा तिथे नोकरीला होते, एवढंच आम्हाला ठाऊक. पुढचं कधी विचारलं तर 'देवाच्या कृपेने सुटलो' म्हणून विषय खलास. आता त्यांनी सांगितलं की शेजारच्या कुवेती म्हाताऱ्याने त्यांना घरातलं पीठ, तांदूळ दिले. निघायच्या दिवशी तो पप्पांची बॅग उचलून बसपर्यंत सोडायला आला. वाटेत शिपायांनी दोघांना अडवलं. त्यांच्याबरोबरचा दुभाषा हिंदीत म्हणाला, तहरीर दो, मतलब लिखके दो, इसको जानते हो?

"मी लिहून दिलं, याला ओळखत नाही. मला सोडलं. त्याला ट्रकमध्ये घातलं."

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. त्याच सुटकेसाठी आम्ही दरवर्षी चर्चमध्ये आभाराची मिस्सा ठेवत होतो. उरलेली वाट आम्ही अंतर ठेवून चढलो.

वरच्या बुरुजात पाहुण्यांसाठी वही होती. वाटाड्याला आमच्या बोलण्यातला कुवेत तेवढा कळला होता. "अंकल कुवेत में थे? तो कुछ लिखिए," म्हणत त्याने पेन पुढे केलं.

"रहने दो," म्हणून मी ते मध्येच घेतलं. पप्पांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. बराच वेळ ते वहीवर वाकून उभे होते. मला वाटलं, ते पेन तसंच परत ठेवतील.

त्यांनी एक अरबी नाव देवनागरीत लिहिलं, मी कधीच न ऐकलेलं. त्याखाली लिहिलं, 'या माणसाला मी ओळखतो.' आणि सही केली.