मेलच्या गेटवरचे मामा

"पावणं कुठलं?" असं विचारताना मामा आधी उजवा पंजा वर करायचे, एस.टी. थांबवावी तसा, आणि मग चष्म्यावरून बघायचे. समोर माणूस असो की कॉम्प्युटर, त्यांच्या लेखी दोन्हीकडून येणारे पाहुणेच. त्यांचं नाव मी सांगत नाही. उद्यमनगरातल्या त्या फौंड्रीत त्यांना मालकांपासून हमालापर्यंत सगळे मामाच म्हणायचे.

मामा कोडोलीचे, सातवी पास. वीस वर्षं फौंड्रीच्या गेटवर बसले. प्रश्न तीनच: पावणं कुठलं? कुणाकडं? काम काय? उत्तरं नीट आली तर आत, नाहीतर बाहेरच्या बाकावर. असे वॉचमन तुम्हीही पाहिले असतील. पण गेटवरून उठवून ईमेलवर बसवलेला वॉचमन तुम्ही पाहिला नसणार. मी पाहिला, कारण त्यांना शिकवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

झालं असं, की फौंड्रीच्या मॅनेजरना एक दिवस इंग्रजीतून प्रेमपत्राची मेल आली. गृहस्थ पन्नाशीचे, तीन मुलांचे बाप. पण कुणी पाठवलंय ते बघायला काय हरकत आहे, म्हणून त्यांनी ती उघडली. आत व्हायरस. ऑफिसातले चारही कॉम्प्युटर आडवे झाले. मी पोचलो तेव्हा मालकांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. शिवीशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे.

"गेटवर माणूस हाय, मग मेलला का न्हाय, सुक्काळीच्या?" असं त्यांनी मलाच विचारलं. ही त्यांची सगळ्यात लाडकी शिवी. मामांचे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागले होते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्यांची खुर्ची ऑफिसात पंख्याखाली आली.

मामा अक्षरं जोडून इंग्रजी वाचत आणि एका बोटानं टाइप करत. ओळखीची मेल असली तर आत. अनोळखी असली की इंग्रजी अक्षरांत उत्तर जायचं: 'पावणं कुठलं?'

मी कपाळावर हात मारला. "मामा, असल्या मेलना उत्तर दिलं की आणखी दहा येतात."

"येऊ द्यात की. गेटवर गर्दी झाली म्हणून गेट काढत्यात व्हय?"

कुठल्याशा राजाची विधवा सोन्याच्या पेट्या द्यायला निघाली होती. मामांनी तिच्याशी आठवडाभर पत्रव्यवहार केला. शेवटी म्हणाले, "बाईला गाव न्हाय, कुणाकडं आलीया तेबी ठावं न्हाय. बसू दे बाकावर." मद्रासच्या एका गिऱ्हाइकाला तर मामांचा प्रश्न हा आमच्याकडचा नमस्कार वाटला. ते बिचारे प्रत्येक मेलची सुरुवात 'पावणं कुठलं'नं करू लागले.

मी हसायचो. ते हसणं एका दुपारी बंद झालं.

मालक प्रदर्शनासाठी जर्मनीला गेले होते. त्यांच्या नावानं, पण नव्याच पत्त्यावरून मेल आली: नेहमीचा पत्ता बंद पडलाय, नव्या पंपाची सगळी ड्रॉइंग ताबडतोब इकडे पाठवा. त्या पंपापायी मालकांनी तीन वर्षं घालवली होती. ड्रॉइंग भलत्याच्या हाती गेली असती तर तीन वर्षं पाण्यात. आणि मेल खरी असली, तर तिकडे सौदा फिसकटणार. मालकांचा फोन लागेना. मॅनेजरना घाम फुटला.

मामांनी पंजा वर केला आणि एका बोटानं टाइप केलं, 'पावणं कुठलं?'

"अहो, मालकांना विचारताय?" मॅनेजर किंचाळले.

पाचच मिनिटांत उत्तर आलं. मी वाचून दाखवलं: कृपया विलंब करू नये, आपला आभारी आहे.

"हे मालक न्हवंत," मामा म्हणाले.

"कशावरून?"

"मी त्यास्नी पावणं म्हटलं, आणि त्यांनी शिवी दिली न्हाय. वर आभार!"

"आणि मालकच असले तर? उद्या कोडोलीची एस.टी. धरावी लागेल तुम्हाला!"

"धरतो की. तुमचं प्रेमपत्रबी असंच ग्वाड आलतं, साहेब." एवढं बोलून मामांनी मोडेमची वायर उपसली आणि खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. त्यांनी कसलीच मेल केली नव्हती. सगळं कळल्यावर त्यांनी अशी काही शिवी हासडली, की रिसीव्हर मामांच्या कानाला असूनही ऑफिसभर ऐकू गेली. मामा डोळे मिटून म्हणाले, "हां. हे मालक." तेव्हापासून मालकांच्या प्रत्येक मेलखाली सहीऐवजी 'सुक्काळीच्या' असायचं. तेवढं दिसलं की मामा मेल आत सोडायचे.

पुढे गुडघे अगदीच धरले, तेव्हा मामा कोडोलीला गेले. त्यांच्या जागी मी नवा फिल्टर बसवला. नको त्या मेल तो आपोआप जंकमध्ये टाकायचा. चहा नाही, पगार नाही, प्रश्न नाहीत. मी फुशारकीनं सांगायचो, आता मामांची गरज नाही.

मामा दिवाळीनंतर गेले. आम्ही सगळे मातीला गेलो होतो. त्यानंतर महिन्याभरानं मी फौंड्रीच्या मेलमधलं जंक साफ करायला बसलो. एक लॉटरीची आणि एक ताकदीच्या गोळ्यांची, अशा दोन मेलच्या मधोमध, श्रावणात आलेली एक मेल पडली होती. कोडोलीच्या इंटरनेट कॅफेतून, नव्या पत्त्यावरून, इंग्रजी अक्षरांत तीन ओळी:

'पावणं कोडोलीचं.
मालकांकडं.
काम काय न्हाय, सहज.'

तिन्ही प्रश्नांची उत्तरं नीट होती. तरी माझ्या मशीननं त्यांना चार महिने बाकावर बसवून ठेवलं होतं. मला माझीच लाज वाटली. मी मालकांना बोलावलं.

मालकांनी मेल वाचली, पुन्हा वाचली. एकही शिवी नाही. मग कीबोर्ड ओढला, एका बोटानं एकच शब्द टाइप केला, 'सुक्काळीच्या', आणि पाठवून दिला.

मामांना ओळख पटायला तेवढा पुरे होता.