भाऊजींच्या हेल्मेटमधली टिकटिक

आज चादरी अर्ध्याच पिळून झाल्या. एका चादरीचं टोक माझ्या हातात, बाकीची बादलीत, तेवढ्यात मागच्या अंगणातून भाऊजींची हाक आली, "वहिनी, जरा टॉर्च धरता का? दोनच मिनिटं."

त्यांची दोन मिनिटं मला ठाऊक आहेत. चादर बादलीत सोडली आणि हात पुसत गेले.

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याकडेच मागच्या खोलीत राहतात. मोटरसायकल शिकवायच्या शाळेत बावीस वर्षं नोकरी. घरचे सोडून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शिकणारा पुढच्या गाडीवर, मागून भाऊजी आपल्या गाडीवर, आणि दोघांच्या हेल्मेटमध्ये बोलायची सोय, इंटरकॉम. त्याचा डबा सीटखाली असतो. तिथून एक बारीक वायर टाकीखालून येते, ती हेल्मेटला जोडायची. शिकणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही, कानात मास्तर असतातच. भाऊजी कधी ओरडत नाहीत. त्यांचं ठरलेलं वाक्य एकच, "आहे मी मागे. चालू द्या." शिकून गेलेली माणसं बाजारात भेटली की मला तेच म्हणून दाखवतात.

तीन आठवड्यांपासून त्या इंटरकॉममध्ये टिकटिक येत होती. इंजिन चालू केलं की सुरू. वेग वाढवला की तीही वाढायची, शेवटी कानात कुणी शिवणयंत्र चालवावं तशी. भाऊजींनी हेल्मेटमधला स्पीकर बदलला, दुसऱ्या गाडीवरचा डबा आणून लावला, प्लग नवा घातला. टिकटिक जिथल्या तिथे. शाळेच्या मेकॅनिकने टाकी उचलून पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, वायरिंग अगदी कंपनीचं आहे, कुणी हातसुद्धा लावलेला नाही. कान दाखवून घ्या."

घरात ही थट्टा जुनीच होती, कारण भाऊजी टीव्ही मोठा लावतात. हे म्हणायचे, "त्याला 'जेवायला चल' एवढंच ऐकू येतं, तेसुद्धा दोन खोल्या पलीकडून." भाऊजी हसायचे. मंगळवारपासून हसत नाहीत.

मंगळवारी एक बाई पडल्या. दवाखान्यात नर्स आहेत, चाळिशी ओलांडलेली, जिद्दीने शिकताहेत. वळणावर त्या काहीतरी विचारत होत्या. भाऊजींना टिकटिकीत एक अक्षर कळलं नाही आणि त्यांचंही बोलणं तिकडे पोचलं नाही. उत्तर येईना म्हणून नर्सबाईंनी मान वळवून मागे पाहिलं, आणि गाडी आडवी. कोपर सोलवटलं, बाकी देवाने राखलं. शाळेच्या मालकांनी भाऊजींना आत बोलावून सांगितलं, शनिवारी चार वाजता मी स्वतः बघणार. नीट ऐकू आलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून ऑफिसात फॉर्म भरायला बसा.

आज शनिवार. भाऊजी गाडीजवळ मांडी घालून बसले होते, टाकी काढून बाजूला ठेवलेली. डोळे चार रात्री न झोपलेल्या माणसाचे.

"आता काय बघायचं राहिलंय?" मी विचारलं.

"काही नाही. हात रिकामे राहिले की जास्तच गळून जायला होतं, म्हणून उघडलं."

"बसा की मग ऑफिसात. डोक्यावर पंखा असतो."

"आणि फॉर्मला काय सांगू? आहे मी मागे?"

मला हसू आलं आणि टॉर्च हलला. "स्थिर धरा हो," म्हणाले.

"ही जाड काळी वायर कसली?"

"प्लगची. ठिणगीची वीज हिच्यातून जाते. दुसरी बारीक वायर हिला खेटून गेली की हिची टिकटिक तिच्यात उतरते. दोघींना लांब ठेवावं लागतं, पटत नसलेल्या जावांसारखं."

"मग ह्या दोघी अशा गळ्यात गळे घालून का?"

"ते कंपनीने बांधलंय. मेकॅनिकही तेच म्हणाला. कंपनीला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

मी टॉर्च जवळ नेला. बारीक वायर जाड वायरीला धरून चालली होती, दर दोन बोटांवर काळ्या दोऱ्याने घट्ट बांधलेली. गाठ दुहेरी. उशीच्या खोळीला मी शेवटी मारते ती.

"भाऊजी," मी म्हटलं, "ती कंपनी मी आहे."

त्यांना कळेना. मी आत जाऊन माझी रोजनिशीची वही आणली आणि अठरा तारखेचं पान काढलं. माझंच अक्षर: अंगण झाडताना भाऊजींच्या गाडीची वायर लोंबताना दिसली, गरम इंजिनाला लागेल म्हणून दोऱ्याने नीट बांधली. सायंकाळी नामस्मरण झालं. टिकटिक सुरू झाली एकोणीसला.

भाऊजींनी ते पान दोनदा वाचलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

"गाठ मात्र पक्की आहे," एवढंच म्हणाले. "कात्री आणा."

दोरे मीच कापले. त्यांनी वायर पलीकडच्या बाजूने फिरवून नेली, टाकी चढवली, हेल्मेट घालून इंजिन चालू केलं. वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. टिकटिक गेली होती. तीन आठवडे मी देवाजवळ रोज त्यांच्या कानांसाठी मागत होते. एकदाही म्हटलं नाही की देवा, माझे हात आधी बघ.

चारच्या परीक्षेला मालक पुढच्या गाडीवर बसायला निघाले, तर नर्सबाई आडव्या आल्या. "पडले मी, तर बसणारही मीच." त्याच वळणावर त्यांनी विचारलं, भाऊजींनी सांगितलं, गाडी सरळ पार झाली. मालक बाजूला उभे राहून तिसऱ्या हेल्मेटमधून सगळं ऐकत होते. म्हणाले, "मास्तर, रस्ता तुमचाच."

हे सगळं भाऊजींनी घरी येऊन पायरीवर बसून सांगितलं, पण आनंदाने नाही. हेल्मेट मांडीवर, गाडी बंद.

"वहिनी, आत काही चालू आहे का? पंखा, मिक्सर?"

"काही नाही. का हो?"

"बारीक आवाज येतोय, म्हणजे माझ्या कानातच. टिकटिक नाही, सलग. इंजिन बंद केलं तरी जात नाही. टिकटिकीखाली इतके दिवस कळला नव्हता." हेल्मेट बाजूला ठेवून म्हणाले, "मालकांनाही सांगून आलोय. माझ्यापुढे माणसं असतात रस्त्यावर. ते म्हणाले, डॉक्टरचा कागद आणा, मग गाडीवर बसा."

"न सांगता चाललं असतं."

"तुम्ही वही आणली नसती, तरीही चाललं असतं."

त्यांना जेवायला वाढलं. चादरी अजून बादलीतच आहेत, उद्या पुन्हा धुवाव्या लागतील.

सोमवारी साडेदहाला भाऊजींना कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे.