बाबांची अट

माझे बाबा, देवदत्त चिटणीस, वय एकोणऐंशी, मुक्काम अमेरिकेतलं अल्फारेटा. या माणसानं जन्मात कुणाला पत्ता विचारलेला नाही. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर नॅव्हिगेशन ऑफिसर होते, तेव्हा थोडा ताठा मी समजू शकते. पण समुद्रावरचा ताठा सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे इथल्या घरांच्या कॉलनीत, चालवायचा म्हणजे अतीच झालं!

आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. आल्यापासून महाराष्ट्र मंडळात भेटेल त्याला पकडून ते एकच गोष्ट सांगतात. जीपीएसच्या आधीचा उपग्रह. अमेरिकन नेव्हीनं आपल्या पाणबुड्यांसाठी बनवलेला आणि पुढे बाबांच्या जहाजांसारख्यांनाही वापरू दिलेला. अंगानं मोठ्या पिठाच्या डब्याएवढा, चार बाजूंना सोलर पॅनलचे चार पंख. एक लांबलचक दांडी आणि तिच्या टोकाला वजन, म्हणजे एकच बाजू कायम पृथ्वीकडे राहते. एका ध्रुवावरून दुसऱ्या ध्रुवाकडे फिरत तो सारखा एक सूर सोडायचा आणि दर दोन मिनिटांनी स्वतःचा मार्ग सांगायचा. जवळ येताना सूर चढा, लांब जाताना उतरलेला, रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स जाते तसा. तो सूर कसा उतरला त्यावरून जहाजावरचं यंत्र आपली जागा काढायचं. एक उपग्रह गेला की पुढचा यायला कधीकधी दीड-दोन तास. तोवर थांबायचं.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. मी आयटीतली, पण एवढं पाठांतर मी कॉलेजातही केलं नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये बाबा हरवले. रोजचा फेरफटका, रोजचाच रस्ता, पण एक वळण चुकलं. इथली घरं तरी कशी, सगळी एका साच्यातून काढलेली. दोन तास ते शेजारच्या सबडिव्हिजनमध्ये फिरत होते. शेवटी एका बाईंनी त्यांना आमच्या दारात आणून सोडलं. मी मीटिंगमध्ये, फोनवर त्याच बाईंचे सात मिस्ड कॉल. डॉक्टर म्हणाल्या, विसरणं सुरू झालंय, हळूहळू वाढेल.

मी त्याच आठवड्यात घड्याळ आणलं. हातात बांधलं की ते कुठे आहेत ते माझ्या फोनवर नकाशात ठिपक्यानं दिसतं. बाबांनी ते बघितलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. मी काढून आणलं, त्यांनी परत ठेवलं. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकतेस का, असंही ऐकवलं. माझंही डोकं फिरलं. घड्याळ नाही तर फिरायला जाणंही नाही, असं मी सांगून टाकलं.

तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तो उपग्रह मला सांगायचा, मी कुठे आहे ते. मी कुठे आहे हे त्यालासुद्धा माहीत नसायचं. आम्ही फक्त ऐकायचो."

मी ऐकून घेतलं आणि हट्ट सोडला नाही. नऊ दिवस ते पॅटिओच्या, म्हणजे मागच्या ओट्याच्या, काचेच्या दारापाशी खुर्ची टाकून बसून होते. बूट घालून बसायचे. ते बूट बघून मला रोज अपराधी वाटायचं, तरी मी मागे हटले नाही. ते परत हरवले तर, या विचारानं मला झोप लागत नव्हती.

दहाव्या दिवशी त्यांनी स्वतःच घड्याळ मागितलं. अट एकच: माझा ठिपकाही त्यांना दिसला पाहिजे. माझ्या लेकीनं, रुहीनं त्यांच्या टॅबवर ते करून दिलं. "नाऊ यू आर ईव्हन, आजोबा," म्हणाली. तेव्हापासून ते माझा ठिपका बघून वहीत वेळ आणि जागा लिहायचे. आपण विसरतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून सगळं लिहून ठेवायचे. मला हसू यायचं. म्हातारपणी पुन्हा ड्युटीवर लागले, असं मी मैत्रिणींना सांगायची.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी मी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. रोजच बसते. काही घ्यायचं नसतं. ऑफिस संपलेलं असतं आणि घरी जाऊन बाबांच्या त्याच प्रश्नाला तेच उत्तर पाचव्यांदा, आवाज न चढवता द्यायचं असतं. त्यासाठी अंगात त्राण येईपर्यंत बसते. हे मी रुहीलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

फोन वाजला. बाबा होते.

"शरयू, तीन आठवड्यांचं लिहिलंय माझ्याकडे. तू रोज तिथे अर्धा तास थांबतेस आणि घरी कधी पिशवी आणत नाहीस."

ट्रॅफिक आहे असं मी म्हणणार होते. तेवढ्यात त्यांनीच विचारलं,

"माझ्यामुळे ना?"

मला रडू कोसळलं. नाही म्हणायला हवं होतं, पण मी "हो" म्हणाले.

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "अर्धा तास पुरत नाही गं तुला. घरात येतेस तेव्हा चेहरा दिसतो की मला. उद्यापासून तासभर बसत जा. मी कुठे जात नाही."