खडखडणारी काच

गडचांदूरहून चंद्रपूरला जाणाऱ्या संध्याकाळच्या एसटीत तो बरेचदा माझ्या शेजारी बसायचा. सिमेंट कारखान्यातून सुटलेला, भुवयांवर राखाडी धूळ, मांडीवर लॅपटॉप आणि कानांवर जाड हेडफोन. लॅपटॉपवर तो संगीत तयार करायचा. संगीत कसलं, खिळ्यांचा डबा घेऊन कोणी पळत सुटावं तसा आवाज बाहेर गळायचा. शाळेतला कलकलाट ऐकून माझं डोकं आधीच उठलेलं असे, म्हणून बसल्याबरोबर मी खिडकीच्या खडखडणाऱ्या काचेत तिकिटाची घडी खोचायचे.

एकदा तो म्हणाला, "मॅडम, ते तिकीट काढा ना जरा. मले हा आवाज पायजे."

त्यानं काचेचा खडखडाट मोबाईलमध्ये रेकॉर्ड केला, त्याचे बारीक तुकडे केले आणि उलटेसुलटे जोडून पिसाटासारखे पळवले. मग हेडफोन माझ्यापुढे धरला. मी जेमतेम अर्धं मिनिट ऐकलं.

"हे ऐकतं तरी कोण?" मी वैतागून विचारलं.

"कोणीच नाई," तो हसला. "सिमेंट दळायच्या मिलची घरघर ड्युटी संपली तरी कानातून जात नाई, मॅडम. सलग आवाज झोपू देत नाई. त्याले तोडलं का मंग डोळा लागते."

आणि राजुरा यायच्या आत तो त्या गदारोळात खरंच झोपला, तोंड उघडं टाकून.

हल्ली तो दिसत नाही. पाळी बदलली असेल. काल मी सवयीनं तिकिटाची घडी केली, पण ती हातातच राहिली. काच खडखडत होती. चंद्रपूरच्या स्टँडवर कंडक्टरनं मला हलवून उठवलं.