उजव्या डोळ्याची नोंद

सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गारखेड्यातल्या शिकवणीत अकरावीचे पेपर तपासत होते. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं नाही. हातातला पेपर संपवून मगच उठले. शोकसभेत जो तो उठून त्यांना देवमाणूस करत होता, आणि मी शेवटच्या रांगेत दातओठ खात बसले होते.

सरांच्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते. डोळा घडवण्यात एका जनुकाचा हात आहे का, हे पाहायला आम्ही काळ्या उंदरांमध्ये तो जनुक बंद केला होता. पिल्लं मोठी झाली तर काहींचा उजवा डोळा मोहरीएवढा. सरांनी पेढे वाटले. पण पिंजरे सांभाळणारे पांडूमामा एक दिवस मला म्हणाले, "मॅडम, या भावंडांना तर तुम्ही कायबी केलेलं नाय. तरी यांचा उजवा डोळा बारीकच हाये की!" जनुक शाबूत असलेली ती भावंडं मी तपासली. मामा खरं बोलत होते. शेतकऱ्याच्या पोरीला हे कळायला वेळ लागत नाही... वाणच तसा असेल तर खताला दोष देऊन काय उपयोग? आमचा जनुक बिचारा निर्दोष होता.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "न बदललेल्या उंदरांची नोंद करायची गरज नाही." मी हट्ट धरला. मग त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की मला उंदरांच्या कानावरच्या ओळखखुणा वाचता येत नाहीत, मी पिंजरे मिसळले. "करमाडच्या शेतातून येतात आणि थेट संशोधन करायला निघतात," हेही वर. माझी पीएच.डी. तिथंच बुडाली. माझे वडील, अण्णा, शेवटपर्यंत फोनवर विचारायचे, "व्हय गं, तुझ्या त्या उंदरांचं झालं का नाय?" मी दर वेळी "होतंय" म्हणायचे. त्या एका खोट्या शब्दासाठी मी सरांना कधीच माफ केलं नाही.

मागच्या आठवड्यात सरांच्या पत्नीने, काकूंनी, छावणीतल्या घरी बोलावलं. "त्यांच्यावर चार ओळी लिही, तू लाडकी होतीस त्यांची," म्हणाल्या आणि कागदांचं कपाट उघडून दिलं. त्यात एक वही निघाली. तारखा मी सोडून गेल्यानंतरच्या. सरांच्या रेखीव अक्षरात, पानामागून पान, फक्त न बदललेल्या भावंडांची नोंद... उजवा डोळा लहान, उजवा डोळा लहान. म्हणजे त्यांना कळलं होतं. कळूनही ते वर्षानुवर्षं गप्प राहिले, सत्काराच्या शाली घेत राहिले. इतके दिवस मी 'माणूस चुकला असेल' असं म्हणून स्वतःची समजूत घालत होते. आता तीही सोय उरली नाही.

काकू चहा घेऊन आल्या. "काय आहे गं त्यात? एवढं काय वाचतेस?"

"नोंदी आहेत, काकू," मी म्हणाले. "सगळ्या बरोबर आहेत."