निफाडला दिसणारी मालिका

पंचवटीत आमच्या गल्लीतले सगळे अँटेना कोपऱ्यावरच्या टीव्ही-दुरुस्तीवाल्यानेच बसवलेले. गच्चीवर पाईप फिरवत तो ओरडायचा, "आलं का, वहिनी?" चित्र स्वच्छ आलं तरी "अजून चांगलं येईल" म्हणून पुन्हा फिरवायचा, आणि होतं तेही घालवायचा.

त्या वर्षी दर गुरुवारी एक मालिका लागायची. तिच्यातला पोस्टमन काखेत कोंबडा घेऊन चोर शोधायचा. सातव्या भागात तो पाण्याच्या टाकीवर चढला, चोरांनी खालून शिडी पळवली, आणि पुढच्या गुरुवारी त्या जागी भातावरच्या किडीची माहिती! गल्ली थेट अँटेनावाल्यावर उलटली. अँटेनाच फिरलाय, दुसरं काय!

तो शांतपणे म्हणाला, "इकडं नाय पकडत. निफाडला मेव्हण्याकडं लय झकास दिसती." मग दर शुक्रवारी आमच्या पायरीवर बसून तो पुढचा भाग सांगायला लागला. पोस्टमन काही टाकीवरून उतरेना. सगळे चोर कोंबडाच पकडायचा.

एकदा लग्नासाठी मी निफाडला राहिले. गुरुवारी तिथल्या टीव्हीवरही भातावरची कीडच निघाली.

दुसऱ्या दिवशी परतले, तर पायरीवर गल्ली जमली होती. तो माझी नजर चुकवत पक्कड पुसत राहिला. "वहिनी काल निफाडलाच होत्या म्हणं," एवढंच बोलला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हो, पाहिला ना भाग," मी म्हटलं. "काल शिडी सापडली."

पक्कड त्याच्या हातात तशीच राहिली. पुढे सरकून त्याने विचारलं, "मग? उतरला का तो?"